कळव्याला, पण कल्याणला

मे महिन्यात ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दुपारी सतरंजी पसरली, की दुसरी ते चौथीतली मुलं गोळा होतात. व्याकरणाचं नाव मी काढत नाही. पहिला खेळ लोकलचा. एकाने स्टेशन सांगायचं, दुसऱ्याने तिथे उतरायचं. ठाणे? ठाण्याला उतरलो. मग कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला. पुढे कोपरला, डोंबिवलीला, ठाकुर्लीला, कल्याणला. दोन फेऱ्यांतच कुणीतरी ओरडतं, "काकू, पहिली चार नावं बदलतात, पुढची चार तशीच राहतात!" का बरं, असं विचारलं की मुलं नावांची शेवटची अक्षरं तपासू लागतात. 'आ' किंवा 'ए' शेवटी असलेली नावं बदलली, हे त्यांचं त्यांनाच सापडतं. प्रत्ययाआधी नामाचं सामान्यरूप होतं, तो हाच नियम.

दुसरा खेळ विशेषणांचा. 'पिवळा' अशी चिठ्ठी निघाली, की पिवळा आंबा, पिवळी काकडी, पिवळं केळं अशी बाजारपेठ भरते. 'लाल' निघाला, की टोमॅटो, मिरची, कलिंगड सगळ्यांपुढे तो लालच. नामाच्या लिंगाप्रमाणे कोण बदलतं आणि कोण नाही, याच्या दोन याद्या मुलं स्वतःच करतात.

मग चिठ्ठ्यांचे दोन ढीग. एकात खा, चाल, हस. दुसऱ्यात भरभर, हळूच, मुकाट्याने. दोन्हींतली एकेक उचलायची आणि न बोलता अभिनय करायचा. खाणं लगेच ओळखता येतं, पण मुकाट्याने खाणं दाखवताना खांदे, मान, डोळे सगळ्यांना कामाला लावावं लागतं. क्रियाविशेषण क्रियापदाचं काय करतं, ते तेव्हा अंगात उतरतं.

शेवटची चिठ्ठी 'वर'. हे नाम, क्रियाविशेषण की शब्दयोगी अव्यय? देवाने वर दिला, वर बघ, टेबलावर ठेव: तीन वाक्यांत त्याची तीन कामं. शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या मुलांनी व्याकरण पाठ केलं. आठ जाती घोकलेलं मूल 'वर'पाशी अडतं. खेळलेलं मूल म्हणतं, "आधी वाक्य सांगा." त्या मागणीपासूनच व्याकरणाचा अभ्यास सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. नाम, विशेषण, अव्यय ही नावं मी त्यानंतर सांगते. तोवर ती कशाची नावं आहेत, हे मुलांना ठाऊक झालेलं असतं.