लीन चित्त आणि विचाराची निवड

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार) हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. खानदेशातील अनेक कुटुंबे मृतांच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी आणि उत्तरकार्यासाठी या संगमावर येतात. याच परिसरातील बौद्धांनी मात्र ती वाट सोडलेली आहे. १९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु कर्मकांड सोडले म्हणजे शोक सुटला, असे होत नाही. घरातील कर्ता मुलगा गेला, पीक बुडाले, अथवा कोणतेही दृश्य कारण नसताना मन खचत गेले, तर बौद्ध उपासकाने त्या मनाचे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर धम्मात आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खचलेल्या माणसाला सामान्यतः एकच उपदेश मिळतो : चांगला विचार करा. उपदेश करणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, परंतु ऐकणाऱ्याला तो पुष्कळदा आरोपासारखा वाटतो. याला प्रयोगाचाही आधार आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखवून दिले की, ज्यांचा स्वतःविषयीचा आदर मुळातच कमी आहे, त्यांनी स्वतःच्या स्तुतीचे वाक्य घोकले असता त्यांची मनःस्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. मनाला जे पटलेले नाही ते केवळ घोकल्याने पटत नाही.

बुद्धवचनातील विचारांची निवड याहून निराळी आहे. मज्झिमनिकायातील द्वेधावितक्क सुत्तात भगवंत आपला संबोधिपूर्व अनुभव सांगतात. त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले. कामवासना, द्वेष व हिंसा यांचे विचार एका बाजूला, आणि नैष्कर्म्य, अद्वेष व अहिंसा यांचे विचार दुसऱ्या बाजूला. येथे विभागणीचा निकष सुखद-दुःखद हा नसून कुशल-अकुशल हा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. जो विचार स्वतःला व इतरांना बाधक ठरतो तो अकुशल होय. मनुष्य ज्याचे वारंवार चिंतन करतो तिकडेच त्याच्या चित्ताचा कल होतो, हा या सुत्ताचा गाभा आहे. तेथील दृष्टान्त गुराख्याचा आहे. पावसाळा सरताना शेते पिकांनी दाटलेली असतात, तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरे सतत आवरावी लागतात. सुगी झाल्यावर झाडाखाली बसून गुरांची जाणीव ठेवली तरी पुरते. मन आवरण्याचे श्रमही असे काळानुसार कमी होत जातात.

लीन चित्ताला कोणते इंधन?

मग खचलेल्या चित्ताने नेमका कोणता विचार निवडावा? याचे उत्तर संयुत्तनिकायातील बोज्झंगसंयुत्तातल्या अग्गि सुत्तात मिळते. मंदावलेल्या, बुडालेल्या चित्ताला तेथे 'लीन चित्त' म्हटले आहे. सुत्ताचा दृष्टान्त शेकोटीचा आहे. विझू लागलेली शेकोटी पेटवायची असेल तर तिच्यावर ओले गवत व ओले सरपण टाकून चालत नाही. कोरडे गवत घालावे लागते, फुंकर घालावी लागते. म्हणून लीन चित्ताच्या वेळी पस्सद्धि, समाधि व उपेक्खा ही बोध्यंगे वाढविण्याचा काळ नसतो. तो धम्मविचय, विरिय आणि पीति यांचा काळ असतो. चित्त उद्धत, म्हणजे भरकटलेले असेल तेव्हा याच्या उलट करावे. सति मात्र सर्वकाळ उपयुक्त आहे.

विषण्ण माणसाला एकांतात डोळे मिटून दीर्घकाळ स्वस्थ बसविणे हेच धम्माचे औषध, असा एक समज दिसतो. हे सुत्त तो समज दूर करते. तीन बोध्यंगांचा व्यवहारातील अर्थ असा.

धम्मविचय म्हणजे मनात आलेला विचार तपासणे. 'माझे काही खरे नाही, पुढेही काही व्हायचे नाही' हा विचार सत्य म्हणून न स्वीकारता, त्याला आधार कोणता आणि विरोधी पुरावा कोणता हे पाहणे. अमेरिकन मनोचिकित्सक अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात हेच सूत्र घेऊन उपचारपद्धती उभी केली. रुग्ण स्वतःविषयी, जगाविषयी व भविष्याविषयी आपोआप काळे निष्कर्ष काढतो, असे त्यांना आढळले होते.

विरिय म्हणजे छोटे का होईना, कृत्य करणे. उत्साह आल्यावर काम करू, असे खचलेला माणूस म्हणतो. प्रत्यक्षात काम केल्यावर उत्साह येतो. नील जेकबसन व सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णांना केवळ पद्धतशीरपणे कृतीकडे वळविण्याचा परिणाम संपूर्ण विचार-उपचाराइतकाच आढळला.

पीति म्हणजे करमणूक नव्हे. आपण पाळलेले शील, दिलेले दान, लाभलेला कल्याणमित्र यांच्या स्मरणाने येणारी प्रसन्नता ती होय. ती खोटी नसते, कारण तिच्यामागे घडलेले कर्म असते.

एक उपाय न चालल्यास

मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल विचार दूर करण्याचे पाच उपाय क्रमाने दिले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो, तसे कुशल विचाराने अकुशल विचार काढणे हा पहिला. त्या विचाराचे दुष्परिणाम पाहणे हा दुसरा. त्याच्याकडे लक्ष न देणे हा तिसरा. वेगाने चालणारा मनुष्य जसा हळू चालू लागतो, मग थांबतो, मग बसतो, तशी विचाराची घडण हळूहळू शांत करणे हा चौथा. दात घट्ट मिटून, निर्धाराने विचार दडपणे हा पाचवा आणि शेवटचा. सक्ती अगदी अखेरीस ठेवलेली आहे, हे अर्थपूर्ण आहे. शिवाय, एकच उपाय सर्वांना पुरता तर पाच सांगण्याचे कारण नव्हते. पहिला उपाय साधला नाही म्हणून कोणी स्वतःला दुबळा समजू नये.

आपल्या इतिहासातील एक उदाहरण येथे स्मरणीय आहे. जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा लाडका पुत्र राजरत्न निधन पावला. त्याआधीही त्यांची अपत्ये गेली होती. ऑगस्टमध्ये मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण खचून गेल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. दुःख लपविले नाही, ते कल्याणमित्रापाशी उघड केले. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. कार्यामुळे पुत्रशोक मिटला, असा याचा अर्थ मुळीच नाही. शोक असतानाही विरिय शक्य आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, सर्व दुःख विचारातून उपजत नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी, चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीमुळे धम्म निराशावादी ठरतो काय, असा प्रश्न उपस्थित केला. आणि माणसाने माणसावर केलेला अन्याय दूर करणे हे धम्माचे कार्य मानले. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या मजुराला मजुरी पुरती मिळत नसेल, तर त्याला विचार बदलण्याचा उपदेश करणे हा धम्म नव्हे.

दुसरी मर्यादा आजाराची. आठवडेच्या आठवडे झोप, भूक व रस नाहीसा होणे, जगू नये असे वाटणे, ही रोगाची लक्षणे आहेत. भगवान बुद्धांनी जीवक वैद्याचे उपचार घेतले आणि आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वहस्ते केली. त्यांच्या अनुयायांनी औषध घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे जावे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

विझू लागलेल्या शेकोटीला कोणी दोष देत नाही. कोरडी काटकी आणतो. शोकग्रस्त घरी जाताना आपणही उपदेशाचे ओले सरपण बाहेर ठेवावे. त्या व्यक्तीचे ऐकून घ्यावे, तिच्याबरोबर थोडे चालावे, तिच्या हाताला झेपेल असे एखादे काम तिच्यासह करावे आणि गरज दिसल्यास तिला वैद्याकडे न्यावे. विचाराची निवड ज्याची त्याने करावयाची असते हे खरे, परंतु ती करण्याइतकी ऊब देणे हे संघाचे कर्तव्य आहे.