जुन्या मॅक प्रो यंत्रांतील ग्राफिक्स कार्डाचा पालट : चित्रफितींच्या जतनाच्या दृष्टीनें कांहीं विचार

हस्तलिखितांच्या व जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस साधनांच्या जतनाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. परंतु साधन म्हटलें कीं कागद, ताम्रपट, शिला व नाणीं एवढ्यांचीच आठवण होते. इ. स. १९९५ पासून मिनी-डीव्ही फितींवर चित्रण करणारे लहान कॅमेरे प्रचारांत आले, आणि पुढें दहापंधरा वर्षें अनेक हौशी संशोधकांनीं त्यांच्या साहाय्यानें वाडे, देवळें, शिलालेख, घराण्यांचीं दप्तरें आणि तीं वाचून दाखविणारे वृद्ध मोडीवाचक यांचें चित्रण करून ठेविलें. त्यांपैकीं कित्येक वाडे पडले, दप्तरें वाळवीनें खाल्लीं, वाचणारे निवर्तले. अशा ठिकाणीं ती फीतच एकमेव साधन होऊन बसते. तिच्यावरील चुंबकीय थर मात्र दमट हवेंत टिकत नाहीं. कोंकणपट्टींत तर तिला बुरशी चढावयास फार दिवस लागत नाहींत.

ही फीत वाचण्यास कॅमेरा किंवा फीतवाचक यंत्र लागतें, आणि त्यांतील मजकूर संगणकांत उतरविण्यास फायरवायर नांवाचें द्वार लागतें. हल्लींच्या संगणकांस तें द्वार नसतें. ॲपल कंपनीच्या इ. स. २००९ ते २०१२ या काळांतील मॅक प्रो यंत्रांस मात्र अशीं चार द्वारें आहेत. या द्वारानें घेतलेली नक्कल अंकशः मुळाबरहुकूम असते. एका तासाच्या फितीस सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. म्हणून हें यंत्र जुनें झालें एवढ्यावरून भंगारांत देणें आपणांस परवडणारें नाहीं. परंतु त्यांतील मूळचें ग्राफिक्स कार्ड आजच्या चित्रसंस्काराच्या कामास अपुरें पडतें. तें कसें पालटावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

१. यंत्राचा कालनिर्णय

पोथीचा काल केवळ बांधणीवरून ठरवूं नये, हा नियम येथेंही लागू पडतो. इ. स. २००६ पासून २०१२ पर्यंतचीं मॅक प्रो यंत्रें बाहेरून एकसारखीं दिसतात. सर्वांची पेटी ॲल्युमिनियमची व जाळीदार. आंतील रचना मात्र भिन्न आहे. इ. स. २००९ चें यंत्र स्वतःस ‘मॅकप्रो ४,१’ म्हणवितें, आणि २०१० व २०१२ चीं यंत्रें ‘मॅकप्रो ५,१’ म्हणवितात. हा उल्लेख यंत्राच्या माहितीपत्रकांत पडद्यावर पाहावयास मिळतो. परंतु त्यावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. २००९ च्या यंत्रांतील मूळ आज्ञावली बदलून त्यास ‘५,१’ करण्याची युक्ति प्रचारांत आहे. म्हणजे पुष्पिकेंतील शक मागाहून कोणी दुरुस्त करावा तसाच हा प्रकार होय. खरा काल पाहिजे असल्यास पेटीवरील अनुक्रमांक पाहावा. सुदैवानें कार्डाच्या पालटापुरतें या दोहोंत फारसें अंतर पडत नाहीं. २००६ व २००७ चीं यंत्रें मात्र वेगळ्या जातीचीं असून पुढील विवेचन त्यांस लागू समजूं नये.

२. कार्डाचें कार्य

संगणकाचा मुख्य प्रक्रियक सर्व प्रकारचीं कामें करतो, परंतु एका वेळीं थोडींच करतो. ग्राफिक्स कार्डावर शेंकडों लहान प्रक्रियक एकाच प्रकारचें गणित एकाच वेळीं करीत असतात. चित्राचा रंग सुधारणें, कण घालविणें, आकार वाढविणें, फितीवरील सम व विषम ओळींचीं दोन अर्धचित्रें एकत्र करणें, हीं सर्व कामें प्रत्येक बिंदूवर तेंच तेंच गणित करण्याचीं असल्यानें तीं कार्डाच्या वांट्यास येतात.

आतां प्रमाण पाहूं. डीव्ही फितीवरील एक चित्र ७२० × ५७६ बिंदूंचें असतें. आज आपण मोडी कागदाचें चित्रण करूं लागलों तर तें ३८४० × २१६० बिंदूंचें, म्हणजे सुमारें ८३ लक्ष बिंदूंचें करतों. संस्काराच्या वेळीं प्रत्येक बिंदूस १६ बाइट धरले तर एका चित्रास सुमारें १३३ मेगाबाइट स्मृति लागते. कण घालविण्याच्या रीतींत मागचींपुढचीं चित्रें ताडून पाहावीं लागतात; पांच चित्रें घेतलीं तरी ६६० मेगाबाइटांवर आंकडा जातो. २०१० च्या यंत्राबरोबर येणाऱ्या रेडिऑन एचडी ५७७० व ५८७० या कार्डांवर स्मृति १ गिगाबाइटच आहे. २००९ च्या कार्डांवर ती त्याच्याही निम्मी आहे. काम कां अडतें, हें यावरून ध्यानांत येईल.

३. तीन कसोट्या

नवें कार्ड निवडतांना तीन गोष्टी तपासाव्या, आणि त्या याच क्रमानें तपासाव्या.

पहिली कसोटी विजेची. यंत्राचा वीजपुरवठा ९८० वॅटांचा आहे, एवढें वाचून पुष्कळ लोक फसतात. कार्डाच्या वांट्यास त्यांतील थोडाच भाग येतो : खाचेंतून ७५ वॅट, आणि मुख्य फलकावरील दोन सहा-कांट्यांच्या जोडांतून प्रत्येकीं ७५ वॅट, एकूण २२५ वॅट. रेडिऑन आरएक्स वेगा ६४ या कार्डाची भूक २९५ वॅटांची आहे. तें या मर्यादेंत बसत नाहीं. अशा वेळीं तबकडीवाचकाच्या तारेंतून जादा वीज ओढण्याचा सल्ला देणारे भेटतात. ती तार एवढ्या भारासाठीं केलेली नसते. ती तापते, आणि जळाली तर यंत्राबरोबर आंतील तबकड्यांवरील संग्रहही धोक्यांत येतो.

दुसरी कसोटी मार्गाची. या यंत्रांतील खाचा पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या आहेत. सोळा मार्गिकांच्या खाचेंतून सेकंदास ८ गिगाबाइट जाऊं शकतात, चार मार्गिकांच्या खाचेंतून २ गिगाबाइट. वर सांगितलेलें १३३ मेगाबाइटांचें चित्र सेकंदास २५ वेळां पाठवावयाचें तर ३.३ गिगाबाइटांचा मार्ग पाहिजे. म्हणजे मोठ्या खाचेंत तें सुखानें जातें व लहान खाचेंत अडतें. तात्पर्य, नवें कार्ड तळच्या पहिल्या खाचेंतच बसवावें. मार्ग जुन्या पिढीचा म्हणून नवें कार्ड व्यर्थ, ही समजूतही या हिशेबानें निराधार ठरते.

तिसरी कसोटी प्रणालीची. कार्डाशीं बोलणारा चालक प्रणालींत नसेल तर उत्तम कार्डही मुकें राहतें. या यंत्रास ॲपलनें मान्य केलेली शेवटची प्रणाली मोहावे, इ. स. २०१८ ची. तिला मेटल नांवाची चित्रभाषा समजणारें कार्ड लागतें. मूळचीं ५७७० व ५८७० ती जाणत नाहींत. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांचे चालक मोहावेसाठीं निघालेच नाहींत. मोहावेचा आपल्या कामास आणखी एक उपयोग आहे : ३२-बिटी जुने कार्यक्रम चालविणारी ती शेवटची प्रणाली होय, २०१९ च्या कॅटलिनापासून ती सोय बंद झाली.

४. निवड व कृति

तिन्ही कसोट्यांस उतरणारें व स्वतः ॲपलनें या यंत्रासाठीं नांवानिशीं सांगितलेलें कार्ड म्हणजे सफायर कंपनीचें रेडिऑन पल्स आरएक्स ५८०. स्मृति ८ गिगाबाइट. वीज सुमारें १८५ वॅट. त्यास आठ-कांट्यांचा एक जोड असतो. म्हणून फलकावरील दोन्ही लहान सहा-कांट्यांचे जोड एकत्र करून आठांत नेणारी तार घ्यावी. एकाच जोडावरून आठ कांटे भरणारी तार स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

प्रथम जुन्या कार्डावरच प्रणाली १०.१३.६ पर्यंत आणावी व संग्रहाची नक्कल निराळ्या तबकडीवर करावी. तबकडी गुप्तलिपींत ठेवणारी फाइलव्हॉल्टची सोय चालू असल्यास ती बंद करावी. नंतर यंत्र बंद करून वीज तोडावी व निवूं द्यावें. आंतील धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. खाचांची पट्टी सैल करून जुनें कार्ड सरळ वर काढावें, धूळ झाडावी, नवें कार्ड पूर्ण बसेपर्यंत दाबावें आणि तारा जोडाव्या. मग मोहावे चढवावें. त्या वेळीं यंत्र आपली मूळ आज्ञावली अद्ययावत करण्यास सांगतें व वीजकळ बराच वेळ दाबून ठेवावी लागते. तें काम चालू असतां वीज जाणार नाहीं अशी व्यवस्था अवश्य असावी.

एक गोष्ट अनुभवानें सांगतों. नव्या कार्डावर मॅकची आरंभआज्ञा नसल्यानें यंत्र सुरू होतांना पडदा काळा राहतो. प्रणाली पुरी उठल्यावरच चित्र दिसतें. प्रस्तुत लेखकानें जुनें कार्ड निरुपयोगी समजून विकलें. पुढें तबकडी बिघडली तेव्हां दुसरी तबकडी निवडण्याचा पडदाच दिसेना, आणि वीस फितींचें काम दोन महिने खोळंबलें. मूळ कार्ड वेष्टनांत गुंडाळून, नांव-तारीख घालून जपून ठेवावें. नव्या बांधणीच्या पोथीचे जुने पुठ्ठे आपण टाकीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

५. मर्यादा

कार्ड पालटल्यानें यंत्र तरुण होत नाहीं. त्याच्या मुख्य प्रक्रियकास २०११ पासून प्रचारांत आलेला एव्हीएक्स हा आज्ञासमूह ठाऊक नाहीं. ज्या नव्या कार्यक्रमांस तो लागतो ते कोणत्याही कार्डानें चालणार नाहींत. आजच्या कॅमेऱ्यांतील दाट संकोचित चित्रण उलगडण्याची सोय कार्डांत असली तरी प्रणाली ती वापरूं देते कीं नाहीं, हें निराळें पाहावें. अडल्यास तें चित्रण प्रथम प्रोरेससारख्या सैल रूपांत उतरवून घ्यावें. मोहावेस २०२१ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळालेल्या नाहींत, म्हणून हें यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवलेलें बरें. शिवाय फीत उतरविण्याच्या कामास नव्या कार्डाची गरज मुळींच नाहीं. ती गरज पुढील संस्कारास आहे. तेव्हां कार्ड मिळेपर्यंत फिती थांबवून ठेवूं नयेत. आधीं सर्व फिती उतरवाव्या, प्रत्येकीच्या दोन नकला दोन गांवीं ठेवाव्या, आणि संस्कार नेहमीं नकलेवर करावा. मूळ नकलेस हात लावूं नये.

सारांश, विजेची मर्यादा २२५ वॅट, खाच सोळा मार्गिकांची, आणि चालक प्रणालींत असलेला, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे हें जुनें यंत्र जुन्या फिती वाचण्याचें व नव्या चित्रांवर संस्कार करण्याचें काम एकाच ठिकाणीं करूं शकतें. ज्यांच्या संग्रहीं अशा फिती असतील त्यांनीं त्यांची यादी आजच करावी, आणि प्रत्येकीवर स्थळ, काल व चित्रित व्यक्तीचें नांव लिहावें. कार्ड उद्यां मिळेल. ज्या वृद्धास तीं नांवें ठाऊक आहेत, तो उद्यां भेटेलच असें नाहीं.