परक्या रानातली काडी

सहामाही परीक्षा आटोपली की तासगावात ओट्याओट्यावर किल्ले उभे राहू लागतात. विटांचे तुकडे रचायचे, त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं, काळ्या मातीचा गारा लिंपायचा आणि उतारावर हळीव पेरायचा. गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं दोन किल्ले बांधले. एक ओट्यावर, दुसरा मोबाइलवर, माइनक्राफ्टमध्ये. त्या दुसऱ्या किल्ल्यात त्याचे दीड महिन्याचे रविवार गेले. महादरवाजा समोरून दिसू नये म्हणून त्यानं तो दोन बुरुजांच्या कुशीत वळवून घेतला होता, रायगडावर आहे तसा. तटाला माऱ्यासाठी जंग्या ठेवल्या होत्या, आणि त्यांचं तोंड खाली उतरतं होईना म्हणून तीनदा तट पाडला होता. मग मोबाइल बिघडला. दुरुस्तीहून परत आला तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं. ओट्यावरचा किल्ला पावसानं खचला तेव्हा हा पोरगा हसला होता. या वेळी तो जेवला नाही. रात्री मला म्हणाला, "काका, मी एवढं बांधलं होतं हे आता कुणाला कळणार?"

मी स्वतः खेळणारा माणूस नाही. पण त्या प्रश्नापायी वर्षभर पडद्यावरच्या अशा जगांच्या कथा शोधत राहिलो.

अनेकांनी मिळून वावरायचं असं जग संगणकावर उभं राहिलं त्याला आता जवळजवळ अर्धशतक होईल. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं आणि रिचर्ड बार्टल यानं पुढे नेलं. त्यात चित्र नव्हतं, नुसती अक्षरं. पुढे चित्रं आली, इंटरनेट आलं, आणि १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या चाचणीत एका खेळाडूनं खुद्द खेळाच्या निर्मात्याच्या पात्राला, राजाला, सगळ्यांसमोर जाळून मारलं. राजाला मरण येणार नाही अशी सोय करून ठेवायला निर्माताच विसरला होता. ती घटना आजही सांगितली जाते. पण मला तिच्यापेक्षा मोलाची वाटली ती तीनेक वर्षांनंतरची, हरलेल्या लोकांची गोष्ट.

‘अशरॉन्स कॉल’ हा खेळ १९९९च्या नोव्हेंबरात आला. त्यातली कथा महिन्यामहिन्यानं पुढे सरकायची. वर्षभरात कथा अशा वळणावर आली की एका दुष्ट शक्तीला कोंडून ठेवणारे स्फटिक खेळाडूंनी फोडावेत आणि ती मोकळी व्हावी. सगळीकडे स्फटिक फुटत गेले. ‘थिसलडाउन’ नावाच्या सर्व्हरवर, म्हणजे त्याच खेळाच्या एका स्वतंत्र प्रतीत, मात्र काही खेळाडूंनी ठरवलं, आपण हा फुटू द्यायचा नाही. त्यांनी स्फटिकाभोवती पहारा बसवला. दिवसरात्र कुणी ना कुणी हजर. लिहिलेली कथा तिथेच अडली. शेवटी कंपनीच्या माणसांना स्वतः आत उतरून पहारा मोडावा लागला. पण त्यानंतर त्यांनीच त्या जागी राखणदारांचं स्मारक उभारलं. १६६०मध्ये बाजीप्रभूंनी अडवून धरलेल्या घोडखिंडीला पावनखिंड म्हणणाऱ्या मुलखात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तरी पुढचं ऐका. ३१ जानेवारी २०१७ रोजी तो खेळ कायमचा बंद झाला. सर्व्हर उतरवले गेले आणि स्मारकही त्यांच्याबरोबर गेलं. आमच्या गणपतीच्या देवळाचं सात मजली गोपुर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळापासून, १७९९पासून, उभं आहे. संस्थानं गेली, सरकारं बदलली, दगड राहिला. पडद्यावरच्या जगात दगडही भाड्याचा असतो. जमीन मालकाची, सातबारा मालकाचा, आणि राबणारे लाखो.

काही कंपन्यांनी हे राबणं ओळखलं. आइसलंडमधल्या कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात जानेवारी २०१४मध्ये एकवीस तासांच्या आसपास चाललेली लढाई झाली. हजारो खेळाडू उतरले आणि टायटन नावाची ७५ अवाढव्य जहाजं नष्ट झाली. कारण काय, तर एका गटाचा त्या प्रदेशाचा हप्ता भरायचा राहिला! कंपनीनं ते भंगार साफ केलं नाही. त्या ठिकाणी कायमचं स्मारक करून ठेवलं. त्याच वर्षी रेक्याविकच्या बंदरात, खऱ्या जमिनीवर, खेळाडूंची नावं कोरलेलं शिल्पही उभं राहिलं. या खेळात २००८पासून खेळाडूंनी मतदानानं निवडलेलं मंडळ कंपनीपुढे गाऱ्हाणी मांडतं. इतरांनी हे उचलायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

कधीकधी खूण कुणाच्या मनात नसताना उमटते. सप्टेंबर २००५मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एका राक्षसाच्या गुहेपुरती ठेवलेली लागण पाळीव प्राण्यांवाटे शहरांत आली आणि साथ पसरली. कुणी रोग्यांवर उपचार करायला धावले, कुणी रानात पळाले, कुणी मुद्दाम गर्दीत शिरून ती पसरवली. नीना फेफरमन आणि एरिक लॉफग्रेन या संशोधकांनी २००७ साली त्यावर वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला, आणि कोरोनाच्या वेळी जगानं तो पुन्हा काढून वाचला.

आता आमच्या मातीतली गोष्ट सांगतो, कारण या सगळ्याचा उलगडा मला द्राक्षबागेत झाला. थॉम्पसन सीडलेस हे वाण मूळ पश्चिम आशियाकडचं. कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन यांच्या बागेतून ते त्यांच्या नावानं पसरलं आणि फिरत फिरत आपल्याकडे आलं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्याच वाणातून वेगळा वेल हेरला, निवडला आणि वाढवला. तोच ‘तास-ए-गणेश’. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशीच नजर ठेवून ‘सोनाका’ दिलं. वाण परक्याचं, पण नजर आपली. आणि ती नजर टिकली ती शेजाऱ्यानं काडी मागून नेली म्हणून, त्याच्याकडून पाहुण्यानं नेली म्हणून. दरवर्षी ऑक्टोबर छाटणीला आमच्या रानात डोळे फुटतात तेव्हा त्या एका माणसाची निवड पुन्हा फुटते. एका बागेतला वेल वाळला तर वाळो, काडी दहा गावांत आहे.

खेळांतही हेच घडलं. ‘हाफ-लाइफ’ हा दुसऱ्याचा खेळ घेऊन मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९मध्ये त्यात फेरफार केले आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मलं. मूळ कंपनीनं पुढे ते आपलंसं केलं. ‘वॉरक्राफ्ट ३’वर खेळाडूंनी रचलेल्या नकाशातून ‘डोटा’ आला. एकानं सुरू केला, दुसऱ्यानं हातात घेतला, तिसऱ्यानं निगा राखली. आज त्या धाटणीचे खेळ जगभर स्पर्धांत खेळले जातात. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२मध्ये बंद पडला तेव्हा खेळाडूंनी आत मशाली घेऊन मिरवणूक काढली. पुढे त्यांच्यापैकीच काहींनी तो स्वतःच्या सर्व्हरवर जिवंत ठेवला, आणि २०२४मध्ये मालकांनी त्यांना रीतसर परवाना दिला. काडी दुसऱ्या रानात लागली होती, म्हणूनच हे जमलं.

आपल्या मुलांच्या वाट्याला मात्र वेगळंच जग आलं. पबजी या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, त्याचंच भारतीय रूप असलेलं बीजीएमआय २०२१च्या जुलैत आलं, पुढच्या जुलैत काढलं गेलं, २०२३मध्ये परतलं. आज कट्ट्यावरची पोरं जो खेळ खेळतात त्यात अर्ध्या तासात डाव संपतो आणि बेट पुन्हा कोरं होतं. तिथे भिंत बांधली तरी ती डावापुरती. राहतं ते फक्त संघाचं नाव, कोण चांगलं खेळला त्याची चर्चा आणि एकमेकांना सावरून घेतल्याची आठवण. शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात १५ ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. मला तो उपक्रम आवडतो. पण उरलेल्या वेळात मुलं पडद्यावर काय करतात, नुसता वेळ घालवतात की काही रचतात, हेही घरातल्या मोठ्यांनी शेजारी बसून पाहावं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ हा खेळ करून दाखवला. रचणारे हात इथेही आहेत.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. स्नायू झिजत जाणाऱ्या आजारानं तो चाकाच्या खुर्चीत खिळला होता. २०१४मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोराला ना मित्र मिळाले ना कुणाच्या उपयोगी पडता आलं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि निरनिराळ्या देशांतून पत्रं येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन नावानं वावरायचा, कुणाला त्यानं बोलून आधार दिला होता, कुणाला मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. अंत्यविधीला त्याच्या खेळगटातले सोबती परदेशांतून आले. त्याची मित्रमंडळी अजून दरवर्षी त्या जगात जमून त्याची आठवण काढतात. त्यानं तिथे एक वीटही रचली नव्हती.

यंदा पुतण्यानं पुन्हा किल्ला घेतला आहे. या वेळी तो एकटा नाही. तो, गल्लीतला दुसरा मुलगा आणि पुण्याची मामेबहीण असे तिघं मिळून एकाच जगात बांधताहेत, आणि प्रत दर रविवारी तिच्या संगणकावर उतरवून ठेवली जाते. काल बघितलं तर महादरवाजाचं वळण उलट्या बाजूला होतं. मी चूक दाखवली. तो म्हणाला, "काका, ते तिनं केलंय. तसंच राहू दे, तिला तसं आवडतं." मग बाहेर येऊन आम्ही ओट्यावरच्या पोत्यावर चिखल लिंपायला घेतला. हळीव आदल्या दिवशीच भिजत घातला होता.