शनिवारी विक्री, सोमवारी भाववाढ

नमुना घरात आतल्या खोल्यांना दारं नसतात. चौकटी असतात, त्यांवर सुरेख पॉलिश असतं, पण दार बसवलेलं नसतं. दार उघडायला जागा लागते आणि जागा गेली की खोली लहान दिसते. पलंगही बाजारातला नसतो. आमचा सुतार तो मुद्दाम वीतभर आखूड करतो. समोरच्या भिंतीला आरसा, छताला नेहमीच्या दुप्पट दिवे आणि एसी असा सोडलेला की बाहेरच्या दमट उकाड्यातून आत पाऊल टाकणाऱ्याला वाटावं, आपलं भलं इथेच आहे. विकणारी मुलगी गोड आवाजात "सिलाकान, पाक" (या, साहेब) म्हणत पुढे होते. नवरा छताकडे बघत असतो, बायको ओट्याकडे. पलंगावर आडवं होऊन कुणीच बघत नाही.

इंडोनेशियातल्या सर्पोंगमध्ये एका बांधकाम कंत्राटदाराकडे मी एस्टिमेटचं काम करतो. घर किती विटांचं, किती सिमेंटचं, हे मला पाठ असतं. आणि रोजच्या या हिशोबातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे: इथे विटा-सिमेंटला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती कागदाला आणि टोलरस्त्यावरून उतरायच्या फाट्याला.

जकार्ताच्या नैऋत्येला, साधारण तासाभराच्या अंतरावर (रहदारीने मनावर घेतलं तर दोन तास) बीएसडी सिटी आहे. बुमी सर्पोंग दामाई हे तिचं पूर्ण नाव. 1980 च्या दशकापर्यंत इथे रबराचे मळे होते. 1989 मध्ये पहिली वसाहत सुरू झाली आणि आज आराखडा सहा हजार हेक्टरच्या घरात आहे. नवी मुंबईच्या बाबतीत जे सिडकोने केलं, ते इथे खाजगी कंपन्यांनी केलं: रस्ते, गटारं, तळी, पाणी, झाडं, सगळं. सुरुवातीला बरेच उद्योगसमूह भागीदार होते. 1998 च्या मंदीत रुपिया कोसळला, त्यानंतर त्यांतले बहुतेक बाजूला झाले आणि सूत्रं सिनार मास या समूहाकडे आली. त्या काळात अर्धवट राहिलेल्या घरांच्या गोष्टी आमचे जुने मुकादम अजून सांगतात. सळया गंजत होत्या, आणि ज्याच्याजवळ डॉलर होते तो दिवसाढवळ्या प्लॉट उचलत होता.

दक्षिण तांगरांग हे वेगळं शहर झालं 2008 मध्ये. लोक त्याला 'तांगसेल' म्हणतात. गंमत अशी की बीएसडीचा एक मोठा तुकडा या शहरात येतच नाही, तो तांगरांग जिल्ह्यात राहिला. 2015 मध्ये उघडलेला इऑन मॉल बीएसडीच्या नावाने ओळखला जातो, पण आहे जिल्ह्यातल्या पागेदांगानमध्ये. दोन शेजारी एकाच तळ्याभोवती फिरायला जातात आणि घरपट्टी वेगवेगळ्या कचेऱ्यांत भरतात.

आता विक्रीच्या दिवसाबद्दल. नवी वसाहत बाजारात येते ती हॉटेलच्या बॉलरूममध्ये, बहुतेक वेळा शनिवारी. त्याआधी काही आठवडे 'नुप' विकले जातात, म्हणजे आरक्षणाच्या रांगेतले क्रमांक. घर अजून कागदावर, कागदही पूर्ण नाही, आणि लोक रांगेतल्या जागेसाठी पैसे भरतात. मंचावर मोठा नकाशा. घर गेलं की त्यावर लाल ठिपका चिकटतो. ज्याचं नाव मी घेणार नाही अशा एका विकासकाच्या कार्यक्रमाला मी लवकर पोचलो होतो. दारं उघडायची होती, पाहुणे बाहेर कॉफी पीत होते आणि आत एक मुलगी निवांतपणे लाल ठिपके चिकटवत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती हसून म्हणाली, "रिकामा नकाशा बघून कोण घेईल, पाक?" त्यांतली काही घरं एजंटांनी अडवून ठेवलेली होती. बाकीची दुपारनंतर 'रद्द झाली' म्हणून पुन्हा विकायला आली आणि हातोहात गेली.

वर्षानुवर्षं टीव्हीवरच्या जाहिरातींनी लोकांच्या कानीकपाळी ओरडून ठेवलंय: सोमवारी भाव वाढणार. आता तो चेष्टेचा विषय झाला आहे, भाजीवालाही म्हणतो. पण खरी मौज अशी की भाव खरोखर वाढतो. दरपत्रक कंपनीच छापते, मग वाढवायला अडचण कसली? तीच घरं नंतर फेरविक्रीच्या बाजारात विकायला गेलात की कळतं की सोमवारचा भाव फक्त कंपनीच्या टेबलावर मिळतो. इथे आकडे मिल्यारमध्ये बोलतात. एक मिल्यार म्हणजे शंभर कोटी रुपिया, आपले साधारण पन्नास-पंचावन्न लाख. आपल्याकडून नव्याने आलेला माणूस पहिले सहा महिने शून्यं मोजण्यातच घालवतो.

घरांच्या क्रमांकांत चार नसतो. तीननंतर 'तीन-ए', मग पाच. चिनी वंशाचं गिऱ्हाईक मोठं आहे आणि चार आकडा त्यांना मृत्यूची आठवण देतो. रस्ता सरळ येऊन जिथे घराच्या नाकाला भिडतो त्या प्लॉटला 'तुसुक साते' म्हणतात, सात्याची म्हणजे भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांची काडी. तो अशुभ, म्हणून स्वस्त. कोपऱ्याचा 'हुक' मात्र महाग. एका दंतवैद्याने असा तुसुक सात्याचा रुको, म्हणजे खाली दुकान वर घर, सगळ्यांनी नको म्हटलेला असताना उचलला. कारण विचारलं तर म्हणाला, अख्ख्या रस्त्याला माझी पाटी समोर दिसते. त्याची बायको घरी अजून कुरकुरते, दवाखान्यात मात्र बसायला जागा नसते.

आपली माणसं येतात ती वास्तुशास्त्र घेऊन. पूर्वेचं दार, ईशान्येला पाणी. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, जी विकणारी मुलगी सांगत नाही. हे शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला सहा अंशांवर आहे. वर्षातले सातेक महिने भर दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो. गावाकडे दक्षिणेच्या भिंतीबद्दल जे ऐकलंत ते इथे उत्तरेच्या भिंतीबद्दल खरं. पश्चिमेची भिंत मात्र दोन्हीकडे सारखीच तापते. संध्याकाळी पाच वाजता तिला हात लावून बघा.

घराचा ताबा घ्यायला जाताना मी ओळखीच्यांना नाणं घेऊन जायला सांगतो. फरशीवर ठकठक करायची. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खाली सिमेंट पोचलेलं नाही, वर्षभरात ती फरशी फुगेल. ताबा देणारा मुलगा नाणं दिसलं की चेहरा पाडतो. नंतर लाकडाच्या चौकटी आणि वाळवी. 'रायाप' हा शब्द इंडोनेशियात पोचल्यावर लवकर शिकावा लागतो. जमिनीत औषध मारल्याचं हमीपत्र मागून घ्या, नुसत्या 'हो पाक'वर जाऊ नका.

अशा घरांपैकी कितींत माणसं राहतात हे बघायचं तर संध्याकाळी मगरिबच्या बांगेनंतर फिरायला निघावं. बाहेरचा दिवा जळतो, आत अंधार. पुष्कळ घरं गुंतवणुकीची. मालक जकार्तात किंवा मेदानला. बाहेरचा दिवा सतपाम लावतो, म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. इथला वीजमीटर आगाऊ पैशांचा असतो. वीस आकडी क्रमांक विकत आणून मीटरवर टाइप करायचा. शिल्लक संपत आली की मीटर टीट-टीट करून ओरडायला लागतो. रिकाम्या घराचा मीटर ओरडत राहतो, रात्रभर, आणि शेजाऱ्याची झोप उडते. आमच्या गल्लीत एकाने शेवटी स्वतःच्या खिशातून टोकन भरलं आणि त्याची पावती मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मालकाने उत्तरादाखल अंगठा पाठवला. पैसे नाहीत.

भाडं? राहणाऱ्याला स्वस्त, मालकाला तुटपुंजं. वर्षाचं भाडं आगाऊ एकरकमी द्यायची रीत आहे, काही मालक दोन वर्षांचं मागतात. पुण्यात अकरा महिन्यांच्या कराराची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. पण मालकाची बाजू अशी की घराच्या किमतीच्या मानाने भाडं इतकं कमी की तो भाड्यासाठी घर घेतच नाही. तो फाट्यासाठी घेतो. 2019 च्या डिसेंबरात कुन्चिरान–सर्पोंग टोलरस्ता सुरू झाला, 2022 मध्ये सर्पोंग–बालाराजाचा पहिला टप्पा. नव्या चिसाउक स्थानकावर लोकल थांबते, ती थेट जकार्तातल्या तानाह आबांगला नेते. ज्याने हे नकाशे आधी वाचले त्याने कमावलं, घराच्या खिडक्या कशा आहेत हे त्याने पाहिलंही नसेल.

कागदाची बाजू परदेशी माणसासाठी सगळ्यात वाकडी. 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला. आपल्यासारख्यांना 'हक पाकाई', वापराचा हक्क, ठरावीक मुदतीचा आणि ठरावीक किमतीच्या वरच्याच घरांसाठी. मग काही हुशार लोक ड्रायव्हरच्या किंवा सेक्रेटरीच्या नावावर घर घेतात. त्याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. एका कापडगिरणीतला इंजिनिअर मला ऐटीत सांगत होता की ड्रायव्हरकडून त्याने कर्जपत्र लिहून घेतलंय. मी म्हटलं, "ते कर्जपत्र कोर्टात कुणाला दाखवणार? आणि काय सांगणार, घर कुणाचं?" तो गप्प झाला. ड्रायव्हर अजून त्यालाच 'बॉस' म्हणतो, हे मात्र खरं.

सोलो शहरातल्या मुलीशी लग्न केलेल्या एका मराठी मुलाची तऱ्हा निराळी. लग्नाआधी मालमत्तेचा करार केला नव्हता. सामायिक मालमत्तेत परदेशी नवऱ्याचा वाटा येतो, म्हणून बायकोच्या नावावर हक मिलिक घेणंही अडकलं. पूर्वी अशा जोडप्यांचा मार्गच बंद होता. 2016 मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की असा करार लग्नानंतरही करता येतो. दोघं नोटरीकडे गेली. नोटरीने मजकूर मोठ्याने वाचला, कारण इथे दस्त वाचून दाखवावा लागतो, आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरी. सासूबाई सोबत होत्या. 'जावयाचा या मालमत्तेवर हक्क नाही' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी जावयाच्या ताटलीत आणखी एक केक ठेवला.

विक्रीच्या जाहिरातीत 'पूरमुक्त' असं ठळक लिहिलेलं असतं. 1 जानेवारी 2020 ला जकार्तात हलीमच्या पर्जन्यमापन केंद्रावर 377 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आसपासच्या बऱ्याच 'पूरमुक्त' वसाहती पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून मी कुणालाही घर दाखवायला नेताना एजंटशी बोलत नाही. फाटकावर थांबतो, सतपामला सिगारेट देतो आणि विचारतो, "पाक, त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?" तो बूट दाखवतो किंवा गुडघा.

आमच्या फाटकावरचा सतपाम यात सगळ्यांच्या पुढे निघाला. रिकाम्या घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे, कोण विकणार आहे हे मालकाच्या बायकोआधी त्याला ठाऊक. गिऱ्हाईक मिळवून दिलं की एजंट त्याला कमिशन देतात. ते साठवून त्याने लोकलमार्गावर पुढे, पारुंगपांजांगच्या बाजूला जमिनीचा तुकडा घेतला. नुसता 'गिरिक' होता, म्हणजे जुना कर भरल्याचा कागद. सरकारच्या सामूहिक नोंदणी योजनेत त्याने तो वेळेत सर्टिफिकेटमध्ये बदलून घेतला. त्याच्या नावावर आता हक मिलिक आहे, माझ्या नावावर भाडेकरार. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे कुंपणभिंतीचं एस्टिमेट मागायला आला. मी काढून दिलं. त्याने कागद खालीवर बघितला, सिमेंटच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पाक, हा दर तुमच्या कंपनीचा झाला. मला माहितीये तुम्ही कितीला घेता."