शाळकरी मुलांतील रक्तक्षय आणि खानदेशची भाकरी

एखादे मूल वर्गात सतत पेंगते, खेळाच्या तासाला लवकर धापा टाकते, वाचलेले त्याच्या ध्यानात राहत नाही. अशा मुलाला आळशी अथवा मंद ठरविण्याची घाई पुष्कळदा केली जाते. त्याच्या डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून पाहिली, जीभ व नखे पाहिली, तर ती फिकट आढळण्याचा संभव असतो. हे मूल आळशी नसते. त्याच्या रक्तातील, प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे द्रव्य कमी झालेले असते. यालाच रक्तक्षय म्हणतात. पाच ते अकरा वर्षे वयाच्या मुलात हे द्रव्य दर १०० मिलिलिटर रक्तात ११.५ ग्रॅमपेक्षा, तर बारा ते चौदा वर्षांच्या मुलात १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय झाला आहे असे मानले जाते.

हा विकार विरळा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ मधील फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ५४ बालकांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले होते. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ६९ च्या घरात गेला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. मुलींच्या बाबतीत वयात आल्यानंतर लोहाची गरज आणखी वाढते, आणि नेमक्या त्याच वयात घरातील ताटात त्यांचा वाटा शेवटचा असतो. राज्यातील दर १०० स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांत याच पाहणीत रक्तक्षय आढळला. त्याचे मूळ शोधण्यास शाळेच्या बाकापर्यंत मागे यावे लागते.

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत अन्नाचा तुटवडा आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी पिकते, धुळे, शिंदखेडा व साक्री या भागांत बाजरी पिकते, रावेर आणि यावल तालुक्यांतील केळी देशभर जातात. प्रश्न पिकण्याचा जितका आहे, तितकाच ताटात काय येते आणि पोटात गेलेल्यापैकी अंगी काय लागते याचा आहे.

खानदेशातील कळण्याची भाकरी या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ही भाकरी करतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. तो उडदात भरपूर असतो. उडदात जो घटक उणा असतो, तो ज्वारी पुरविते. आहारशास्त्राची पुस्तके न वाचता येथील गृहिणींनी तृणधान्य व कडधान्य यांची ही सांगड पिढ्यान्‌पिढ्या घातली आहे. सोबत अंबाडीची वा पोकळ्याची भाजी, भुईमुगाची चटणी आणि लिंबाची फोड असली की ते एक चांगले जेवण होते. दुर्दैवाने आज पुष्कळ घरांत शाळेला जाणाऱ्या मुलाची सकाळ चहा आणि खारी-टोस्टवर भागविली जाते.

येथे चहाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. धान्ये, डाळी व पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. चहातील टॅनिन त्यात आणखी अडथळा आणते. म्हणून जेवणाबरोबर अथवा जेवणानंतर लगेच मुलांना चहा देणे म्हणजे ताटातील लोह वाया घालविणे होय. याउलट लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतील 'क' जीवनसत्त्व हे शोषण वाढविते. कडधान्यांना मोड आणल्यास अथवा पीठ आंबविल्यास लोहाला बांधून ठेवणारा फायटेट हा घटक कमी होतो. लोखंडी कढईत शिजविलेल्या भाजीत, विशेषतः ती आंबट असल्यास, थोडेफार लोह उतरते. अॅल्युमिनियम आणि निर्लेप भांड्यांनी ही कढई अनेक स्वयंपाकघरांतून हद्दपार केली आहे.

केळ्याबद्दलही एक गैरसमज दूर व्हावयास हवा. केळे हे उत्तम फळ आहे. त्यापासून मुलांना ऊर्जा आणि पोटॅशियम मिळते, ते पचावयास हलके असते आणि साल असल्याने हाताळण्यास स्वच्छ असते. परंतु त्यात लोह फारसे नाही. केळ्याने रक्त वाढते या समजुतीवर विसंबून राहू नये.

लोहाच्या दृष्टीने खानदेशच्या पिकांत बाजरीचा मान मोठा आहे. तिची नोंद घ्यावयास धुळे हेच योग्य ठिकाण होय. कारण महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे बाजरी संशोधनाचे कार्य येथील कृषी महाविद्यालयात चालते. पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि हे विद्यापीठ यांच्या सहकार्याने 'धनशक्ती' हा वाण तयार झाला व २०१२ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित करण्यात आला. एक किलोग्रॅम दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असावे अशा निवडीने हा वाण सिद्ध केलेला आहे. तो संकरित नसल्यामुळे शेतकऱ्यास घरचे बी राखून काही हंगाम वापरता येते, ही लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे.

अशा बाजरीचा मुलांना खरोखर उपयोग होतो काय, याचा पडताळा तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घेण्यात आला. बारा ते सोळा वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींचे दोन गट करून एका गटास अधिक लोहाच्या बाजरीची आणि दुसऱ्या गटास नेहमीच्या बाजरीची भाकरी व शेव देण्यात आली. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार महिन्यांत पहिल्या गटातील मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढला. आरंभी लोहाची उणीव असलेल्या मुलांपैकी ती उणीव सहा महिन्यांत भरून निघण्याचे प्रमाण या गटात १.६४ पट होते. औषध म्हणून नव्हे, तर रोजची भाकरी म्हणून हे घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रात बाजरीखालील क्षेत्र गेल्या काही दशकांत पुष्कळ घटले आणि मुलांना गव्हाच्या पोळीची गोडी लागली, ही मात्र या कथेची दुसरी बाजू. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. ते थोडे थोडे दळून आणल्यास मुलांची कुरकूर निम्म्याने कमी होते.

शाळेतील भोजन

शाळेत दुपारचे अन्न देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण या नावाने ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. त्यापुढील आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्यास दीडपट, असे प्रमाण ठरलेले आहे. यातून अनुक्रमे ४५० व ७०० उष्मांक आणि १२ व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. व्यवहारात भाजीचे ५० ग्रॅम ही सर्वांत नाजूक जागा आहे. खिचडीत हळद दिसते, भाजी शोधावी लागते, अशी स्थिती असल्यास उष्मांक मिळतात, परंतु रक्तक्षयावर काही उपाय होत नाही. शाळेच्या आवारात शेवगा, लिंबू, पालेभाज्या लावणे हा यावरील सोपा मार्ग होय. शेवग्याचे झाड खानदेशच्या उन्हातही टिकते.

जंत आणि अनवाणी पाय

खाल्लेले अन्न मुलाच्या अंगी न लागता जंतांच्या उपयोगी पडत असेल, तर उत्तम आहारही व्यर्थ जातो. अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतो. त्याची अळी उबदार, ओलसर व सावलीच्या मातीत जगते आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते. उघड्यावर शौच होत असलेली पाण्याखालची बागायत तिला मानवते, हे केळीच्या पट्ट्यातील पालकांनी ध्यानी घ्यावे. मुलाच्या पायात चप्पल असणे ही चैन नव्हे. गोल जंतांची अंडी मात्र न धुतलेल्या हातांवाटे व भाजीपाल्यावाटे पोटात जातात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळांतून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास दिली जाते.

लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा दिल्या जातात: प्राथमिक वयाच्या मुलांना गुलाबी, दहा वर्षांवरील मुलांना निळ्या. या गोळ्यांविषयी गावात अफवा उठतात, त्यामागे बहुधा एकच कारण असते. गोळी उपाशीपोटी दिली की मळमळते, एका मुलास उलटी होते, आणि सारा वर्ग गोळी खिडकीबाहेर टाकतो. ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर द्यावयाची असते. शौचास काळपट होणे हा तिचा स्वाभाविक परिणाम आहे, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील भागात आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात एक वेगळी सावधगिरी आवश्यक ठरते. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यातील रक्तक्षय लोहाच्या अभावामुळे नसतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अकाली नष्ट होतात. म्हणून एखादे मूल वारंवार फिकट पडते, सांधे दुखतात म्हणून रडते, डोळे पिवळसर दिसतात, तेव्हा केवळ गोळ्या वाढवून भागत नाही. रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते. २०२३ मध्ये या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्यात ही तपासणी मोफत केली जाते. अशा मुलास लोह द्यावे किंवा नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्यानेच ठरवावयाचे असते. शिक्षकाने त्याला उन्हाच्या कवायतीतून वगळावे, वर्गात मधूनमधून पाणी पिण्यास मुभा द्यावी आणि ताप आल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.