वळणावर झुकणारी तीन चाके

पावसाने निसरडा झालेला रस्ता, अचानक समोर आलेले वळण आणि त्यावर पसरलेली बारीक वाळू. दुचाकीस्वाराच्या काळजाचा ठोका चुकावा, असा हा प्रसंग! पुढचे चाक एकदा घसरले की सावरण्यास क्षणाचीही उसंत मिळत नाही. अशा वेळी आणखी एका चाकाचा आधार असता तर, हा विचार मनात येणे स्वाभाविकच आहे. परंतु तिसरे चाक जोडले की प्रश्न संपतो असे नाही. उलट, एक नवा प्रश्न उभा राहतो.

झुकण्यामागील गणित

वळण घेताना वाहन बाहेरच्या बाजूला फेकले जाऊ पाहते. दुचाकीस्वार आतल्या बाजूला कलून त्याची भरपाई करतो. समजा, वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने दुचाकी चालली आहे. तोल राखण्यासाठी ती सुमारे २७ अंशांतून कलावी लागते. वेग दुप्पट झाला, तर बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. ऑटोरिक्षासारखे ताठ बांधणीचे वाहन मात्र कलू शकत नाही. वळणावर त्याचा भार बाहेरच्या चाकावर जातो, आतील प्रवासी एकमेकांवर रेलतात आणि वेग आवाक्याबाहेर गेल्यास आतले चाक जमीन सोडते. म्हणजे ताठ तीनचाकी उभी असताना निर्धास्त, तर दुचाकी धावताना चपळ. हे दोन्ही गुण एकाच वाहनात आणणे हे अभियंत्यांपुढील आव्हान होते.

कल्पना उत्तम, हिशेब चुकला

ब्रिटिश संशोधक जॉर्ज वॉलिस यांनी यावर एक सुटसुटीत तोडगा काढला. वाहनाचे दोन भाग करून ते मध्ये सांध्याने जोडायचे. इंजिन व मागची दोन चाके जमिनीवर सपाट राहतील आणि पुढचे चाक, आसन व चालक वळणावर कलतील. या कल्पनेचा परवाना घेऊन बीएसए या नामवंत कंपनीने १९७० मध्ये ‘एरियल ३’ ही तीनचाकी मोपेड बाजारात आणली. आठवड्याला दोन हजार गाड्या निघतील, एवढी यंत्रसामग्री आधीच उभारण्यात आली. ग्राहक मात्र तेवढ्या संख्येने आलेच नाहीत. आधीच अडचणीत असलेल्या कंपनीला हा तोटा फार जड गेला. एकेकाळी जगातील अग्रगण्य मोटारसायकल उत्पादकांत गणली जाणारी बीएसए १९७३ मध्ये दुसऱ्या समूहात विलीन झाली. या एका मोपेडनेच तिला बुडवले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण मागणीचा अंदाज येण्यापूर्वी भांडवल गुंतवल्यास काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

त्याच कल्पनेचा दुसरा जन्म

वॉलिस यांच्या पेटंटचा परवाना पुढे जपानच्या होंडा कंपनीने घेतला. १९८१ मध्ये ‘स्ट्रीम’ आणि १९८२ मध्ये ‘जायरो एक्स’ या गाड्या आल्या. होंडाने या वाहनाला नेमके काम शोधून दिले. मागचा भाग कलत नसल्याने त्यावर ठेवलेला माल वळणावर सांडत नाही. गल्लीबोळांतून गरम खाद्यपदार्थ घरपोच करणाऱ्यांना याहून अधिक काय हवे? १९९० मध्ये छप्पर असलेली ‘जायरो कॅनोपी’ आली आणि जपानी शहरांत पिझ्झा पोचवणारे वाहन म्हणून ती परिचयाची झाली. २०२१ मध्ये या मालिकेत विजेवर चालणाऱ्या गाड्यांचीही भर पडली. ब्रिटनमध्ये नाकारली गेलेली कल्पना जपानमध्ये अशी चार दशके टिकून राहिली.

दोन चाके पुढे

पुढचे पाऊल इटलीत पडले. महाराष्ट्रातील बारामती येथील कारखान्यातून ‘आपे’ तीनचाकी तयार करणाऱ्या पियाजिओ समूहाने २००६ मध्ये ‘एमपी ३’ ही स्कूटर सादर केली. हिची दोन चाके पुढे व एक मागे असते. पुढची चाके समांतरभुज चौकोनाच्या आकारात जोडलेल्या चार दांड्यांनी एकत्र बांधलेली असतात. स्कूटर कलली की हा चौकोनही तिरपा होतो आणि दोन्ही चाके सारख्याच कोनात झुकतात. ब्रेक लावताना भार पुढच्या बाजूला सरकतो. तेथे एकाऐवजी दोन टायर असल्याने रस्त्यावरील पकड वाढते. एक चाक वाळूवर घसरलेच, तर दुसरे सावरून घेते. सिग्नलला थांबताना बटण दाबून झुकणारी यंत्रणा जखडून ठेवता येते, त्यामुळे पाय खाली टेकावा लागत नाही. यामाहानेही २०१४ मध्ये ‘ट्रायसिटी’ आणि २०१८ मध्ये ८४७ सीसी इंजिनाची, ४५ अंशांपर्यंत झुकणारी ‘नायकेन’ आणून हा मार्ग अनुसरला.

फ्रान्समध्ये पुढच्या चाकांतील अंतर पुरेसे रुंद असलेली अशी वाहने मोटारीच्या परवान्यावर चालवण्याची मुभा मिळाली आणि पॅरिसच्या गर्दीत ती लोकप्रिय झाली. मात्र २०११ पासून अशा परवानाधारकांना सात तासांचे प्रशिक्षण सक्तीचे करण्यात आले. त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे.

आधार आहे, हमी नाही

तीन चाके पाहून हे वाहन पडणारच नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. धावताना ही गाडी दुचाकीसारखीच कलते आणि तिचा तोल चालकालाच राखावा लागतो. यंत्रणा जखडल्याविना थांबल्यास ती आडवीही होते. शिवाय जादा यंत्रणेमुळे वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. २०१८ च्या ‘नायकेन’चे वजन २६३ किलो होते. तिसरे चाक चूक सुधारण्याची एक संधी देते. हेल्मेट, संयम आणि सावधपणा यांची जागा ते घेऊ शकत नाही.

व्यवहारातही याहून वेगळे काय असते? विमा असो वा तारण, आधार हा संकटात सावरण्यासाठी असतो, बेफिकिरीसाठी नव्हे. वळण आले की त्याच्या कलाने झुकावे, पण तोल आपलाच राखावा, ही या तीन चाकांची शिकवण रस्त्याबाहेरही उपयोगी पडणारी आहे.