गाव सोडणारे संघ आणि मागे राहणारे रंग

गेल्या उन्हाळ्यात लासलगावातील एका कांद्याच्या खळ्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. प्रतवारी चालू होती. गोल्टा, गोल्टी असे ढीग वेगळे पडत होते आणि हा गृहस्थ वही काखेत धरून गोण्यांवर मार्का उमटविणाऱ्या मजुराला काही सूचना देत होता. अंगात नारिंगी रंगाची, उन्हाने विटलेली जर्सी. छातीवर घोड्याचे चिन्ह. कुठल्या शाळेची ही, असे मी सहज विचारले. “शाळेची नाही, सर. एफसी पुणे सिटीची. पुण्याला शिकत होतो तेव्हा बालेवाडीला सामने पाहायला जायचो. आता संघ राहिला नाही, जर्सी राहिली.”

एवढे बोलून तो पुन्हा गोण्यांकडे वळला. माझ्या मनात मात्र ते वाक्य घोळत राहिले. संघ नाहीसा होतो म्हणजे नेमके काय नाहीसे होते? खेळाडू तर दुसरीकडे खेळत असतात. मालकाचे भांडवल दुसरीकडे जाते किंवा बुडते. मैदान जागेवरच असते. मग गेले ते काय?

फुटबॉलशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पुण्याला एक संघ मिळाला. वाधवान उद्योगसमूह मालक, हृतिक रोशन हा सिनेनट भागीदार. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सामने होत. २०१७-१८ च्या हंगामात संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढे मालकसमूह कर्जाच्या फेऱ्यात सापडला. त्याच घराण्याच्या गृहकर्ज कंपनीचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजूला सारले, हे वर्तमानपत्रांच्या वाचकांना आठवत असेल. तत्पूर्वीच, ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस, पुण्याचा परवाना हैदराबादला गेला. काही खेळाडू गेले, इंग्रज प्रशिक्षक फिल ब्राऊन हेही गेले. नारिंगी रंग आणि घोडा मात्र गेले नाहीत. त्यांची तिथे कोणाला गरज नव्हती.

त्याच सुमारास दिल्लीचा डायनॅमोज हा संघ भुवनेश्वरला हलला आणि ‘ओडिशा एफसी’ झाला. ओडिशा सरकारने कलिंग स्टेडियम देऊ केले होते. दिल्लीत प्रेक्षक तुरळक आणि मैदानाचा खर्च जड. म्हणजे एकाच महिन्यात दोन शहरांनी संघ गमावले आणि दोन शहरांना मिळाले. ऑक्टोबरच्या विसाव्या दिवशी नवा हंगाम सुरू व्हायचा होता. जेमतेम दोन महिन्यांत नवे नाव, नवे बोधचिन्ह, नवा गणवेश, नवे टोपणनाव असा सगळा संसार मांडावयाचा होता.

हा संसार कसा मांडतात, हे पाहण्यासारखे आहे. चित्रकार आणि जाहिरातीचे जाणकार त्या शहराची ओळख शोधू लागतात. हैदराबाद म्हटले की चारमिनार आणि गोवळकोंड्याचा कोहिनूर; ही दोन्ही बोधचिन्हात आली. ओडिशा म्हटले की जगन्नाथाचा रथ. इंग्रजांनी त्या रथावरून ‘जगरनॉट’ हा शब्द केला आणि संघाने तोच टोपणनाव म्हणून घेतला. शहराविषयी पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात जे असते तेच छातीवर येते. यात चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापाशी वेळ असतो आठ आठवडे, आणि मागणी असते परंपरेची. हैदराबादला फुटबॉलची परंपरा खरोखरीच होती, हा त्यातला विनोद. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईतला रोव्हर्स कप जिंकला होता. तो इतिहास चारमिनारइतका दर्शनी नाही, एवढेच.

रंग निवडला पिवळा आणि काळा. पिवळा तर केरळ ब्लास्टर्सचा रंग आधीपासूनच होता. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. गुणतक्त्यात हैदराबाद वर असल्यामुळे पिवळा त्यांना मिळाला आणि केरळला दुसरा पोषाख चढवावा लागला. मूळ पिवळ्यांनी अंतिम सामना आपल्या रंगाविना खेळला आणि तीन वर्षांच्या पिवळ्यांनी पेनल्टीवर तो जिंकला! गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने त्या दिवशी पेनल्टी अडविल्या.

इथे मला माझे स्वतःचे मत थोडे दुरुस्त करावे लागते. आठ आठवड्यांत बेतलेला रंग खोटाच राहतो, असे मी समजत होतो. तसे नाही. पहिल्या वर्षी तळाला असलेला संघ तिसऱ्या वर्षी विजेता झाला, तेव्हा तो पिवळा रंग हैदराबादच्या पोरांनी स्वतःचा केला होता. रोप विकत आणलेले असले तरी मूळ धरते. पण मग त्याचे पुढे काय झाले? पगार थकले, परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले, मालकी बदलली आणि २०२५ मध्ये हाच परवाना दिल्लीला गेला. नवे नाव ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’. ज्या दिल्लीने २०१९ साली संघ गमावला, तिला सहा वर्षांनी पुण्याहून हैदराबादला गेलेला परवाना मिळाला. चारमिनार पुसला गेला. घोड्याच्या पाठोपाठ कोहिनूरही गेला.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला यात नवल वाटू नये, असे कोणी म्हणेल. तोटा सोसणाऱ्या मालकाने कुठे धंदा करावा, हा त्याचा प्रश्न. भांडवल जिथे बाजार आहे तिथे जाणार. लासलगावचा व्यापारीही चेन्नईत भाव नसेल तर ट्रक कोलकात्याकडे वळवितो. हे मला मान्य आहे. मालकाला पुण्यात बांधून ठेवा, असे मी म्हणत नाही. बांधून ठेवलेला तोटा शेवटी खेळाडूंच्या पगारातूनच निघतो.

माझा प्रश्न गोणीवरच्या मार्क्याविषयी आहे. कांद्याच्या व्यापारात माल खरा आणि मार्का दुय्यम. मार्का बदलला तरी कांद्याची चव बदलत नाही. संघाच्या बाबतीत नेमके उलटे आहे. खेळाडू दरवर्षी बदलतात, प्रशिक्षक बदलतात, मालकही बदलतो. प्रेक्षक वर्षानुवर्षे ज्याच्याशी बांधलेला राहतो ते नाव आणि रंगच. म्हणजे इथे मार्का हाच माल आहे. तो मोलाचा केला कोणी? पहिल्या दिवशी तो चित्रकाराच्या कागदावरचा एक ठिपका होता. पाच वर्षे तिकीट काढून, बसचे दोन-दोन तास प्रवास करून, हरलेल्या सामन्यानंतरही पुन्हा येऊन त्याला किंमत आणली ती प्रेक्षकांनी. या श्रमाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

कायद्याने या दोन प्रकारच्या चिन्हांत भेद केलेला आहे आणि लासलगावकरांना तो चांगला माहीत असावयास हवा. व्यापारचिन्ह विकता येते, गहाण टाकता येते, कपाटात बंद करून ठेवता येते. २०१६ साली लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची गोष्ट निराळी आहे. १९९९ च्या त्या कायद्याचे चोविसावे कलम सांगते की, मानांकनाचा हक्क हस्तांतरित करता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. कोणा धनाढ्याने उद्या बाजार समितीतले सगळे गाळे विकत घेतले तरी ‘लासलगावचा कांदा’ हे नाव त्याला गुजरातेत नेता येणार नाही. नाव मातीचे आहे. संघाचे नाव आणि रंग हे कायद्याच्या दृष्टीने पहिल्या प्रकारात मोडतात. माझ्या मते त्यांची जात दुसऱ्या प्रकारची आहे.

हे स्वप्नरंजन नाही. एका शहराने असे करून दाखविले आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो हातांनी खेळण्याचा आडदांड खेळ आहे, त्यातला क्लीव्हलँडचा ‘ब्राऊन्स’ हा संघ बाल्टिमोरला नेण्याचे मालक आर्ट मॉडेल यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये जाहीर केले. शहर न्यायालयात गेले. स्टेडियम शहराचे होते आणि भाडेकरार अद्याप संपावयाचा होता, हेच त्याचे हत्यार. १९९६ च्या आरंभी तडजोड झाली. खेळाडू आणि नोकरवर्ग मालकाने न्यावा; नाव, रंग आणि आजवरचा इतिहास मात्र क्लीव्हलँडमध्ये राहील. बाल्टिमोरच्या संघाला ‘रेव्हन्स’ हे नवे नाव आणि जांभळा रंग घ्यावा लागला. १९९९ मध्ये क्लीव्हलँडला नवा संघ मिळाला, तेव्हा तो जुन्याच तपकिरी-नारिंगी वेषात मैदानात उतरला. बाल्टिमोरला हे दुःख परके नव्हते. १९८४ च्या मार्चमधल्या एका रात्री त्यांचा स्वतःचा ‘कोल्ट्स’ संघ मालट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला गेला होता, तोही नाव आणि घोड्याच्या नालाच्या चिन्हासकट.

इंग्लंडमधली कथा अधिक कडवट आहे. १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा विम्बल्डनचा संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्स या नव्या वसाहतीत नेण्यात आला. पुढच्या वर्षी नाव बदलले, निळा रंग जाऊन पांढरा आला. विम्बल्डनच्या प्रेक्षकांनी २००२ मध्येच, स्थलांतराला परवानगी मिळताच, स्वतःचा नवा क्लब काढून निळा-पिवळा वेष चढविला होता. तळाच्या स्थानिक स्पर्धांपासून सुरुवात करून २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. जुन्या करंडकांच्या प्रतिकृतीही २००७ मध्ये विम्बल्डनच्या परिसरात परत आल्या. आता तर त्या देशात २०२५ चा फुटबॉल नियमन कायदा झाला असून क्लबाचे बोधचिन्ह आणि मुख्य रंग प्रेक्षकांच्या संमतीवाचून बदलण्यास त्याने आडकाठी घातली आहे.

आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो. पण क्लीव्हलँडचे हत्यार आपल्याही हातात आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही, याचे मला आश्चर्य वाटते. बालेवाडीचे मैदान कोणाचे? महाराष्ट्र शासनाचे. कलिंग स्टेडियम ओडिशा सरकारचे, हैदराबादचे गच्चीबावली तेलंगणाच्या सरकारचे. आपले बहुतेक व्यावसायिक संघ सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानांवर भाड्याने खेळतात. जमीनदार शासन आणि कूळ मालक, अशी ही व्यवस्था आहे. भाडेकरारात विजेच्या बिलापासून हिरवळीच्या नुकसानीपर्यंत कलमे घालता येतात, तर आणखी एक घालण्यास हरकत काय? संघ हे शहर सोडून गेल्यास त्याचे स्थानिक नाव, बोधचिन्ह आणि रंग यांचा हक्क मैदानाच्या मालकाकडे, म्हणजे जनतेकडे राहील. मालकाला याची किंमत काय पडेल? शून्य. हैदराबादने पुण्याचा घोडा नेला नाही, दिल्लीने चारमिनार नेला नाही. जे त्याला नको आहे, तेच मागे ठेवा एवढेच म्हणायचे आहे.

स्पर्धेचे हक्क सांभाळणारा २०१० चा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला आणि स्पर्धेची घडी नव्याने बसविण्याची वेळ आली. प्रक्षेपणाचे हक्क आणि मालकांचा वाटा यांवर पुष्कळ खल झाला. प्रेक्षकाच्या हक्काविषयी एक ओळ मला कुठे वाचावयास मिळाली नाही.

यावर कोल्हापूरकर हसतील. त्यांच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम असे संघ खेळतात. ‘पाटाकडील’ या शब्दातच पत्ता आहे. तो संघ हैदराबादला नेऊन काय नाव देणार? तिथे मालक नाही, पेठ आहे. अर्थात त्या संघांपाशी कोट्यवधींचे भांडवलही नाही आणि परदेशी खेळाडूंची रांगही नाही. ही दोन टोके एकत्र आणणे सोपे नाही, हे मी जाणतो. मोहन बागानच्या अनुयायांनी २०२० नंतर नावापुढे लागलेली ‘एटीके’ ही अक्षरे काढावयास लावली, तीही तीन वर्षांच्या आंदोलनानंतर. आणि त्या जागी आले काय, तर ‘सुपर जायंट’. हेच नाव त्याच मालकाने २०१६ मध्ये पुण्याच्या क्रिकेट संघाला दिले होते आणि नंतर लखनौच्याही. हिरवा-तांबडा रंग तेवढा टिकला, कारण त्यामागे १९११ सालापासूनचा लोकांचा धाक होता. पुण्यापाशी पाच वर्षांची पुण्याई होती. ती पुरेशी नव्हती, म्हणूनच कलमाची गरज आहे.

परवा त्या विद्यार्थ्याला मी ही भाडेकराराची कल्पना सांगितली. तो क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे सर, उद्या पुण्याला दुसरा संघ आला तर तो नारिंगी घालेल?” करार तसा झाला तर घालू शकेल, असे मी सांगितले. त्याने आपल्या जर्सीकडे पाहिले. पाठीवरचा आकडा केव्हाच झिजून गेला होता. “मग ही पुसायला वापरणार होतो, ती ठेवतो,” असे म्हणून तो लिलावाच्या आवाजाकडे गेला.